म्हैसूरहून कुरुक्षेत्राकडे

साल 1823. तुम्ही म्हैसूरच्या किल्ल्यात उभे आहात. आज दसऱ्याला दिव्यांनी उजळणारा दगडी राजवाडा अजून बांधायचा आहे. समोर दिसतोय तो जुना लाकडी वाडा, जो 1897 च्या आगीत जाणार आहे. गादीवर तिसरे कृष्णराज वडेयर आहेत आणि त्यांच्या आश्रयाला असलेले केंपुनारायण कन्नड गद्यात एक मोठी कथा लिहीत आहेत, 'मुद्रामंजूषा'. नंद राजे, चंद्रगुप्त, चाणक्य आणि अमात्य राक्षस ही त्यातली पात्रं. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकातलं कारस्थान आता घरी बसून वाचण्याजोग्या गद्यात येतंय. वेषांतर केलेले हेर, खोटी पत्रं आणि एका मुद्रेचा ठसा. छापील मराठी कादंबरी अजून जन्मायची आहे, पण इथे ऐतिहासिक रहस्यकथेची शाई वाळते आहे.

आता 82 वर्षं पुढे या. 1905. शहर तेच, पण तुम्ही ओरिएंटल लायब्ररीत आहात. ग्रंथपाल शामशास्त्री ग्रंथ लिपीतल्या ताडपत्रांचा एक गठ्ठा उलगडत आहेत. तंजावर भागातल्या एका पंडितांकडून आलेला हा गठ्ठा म्हणजे कौटिल्याचं अर्थशास्त्र. शतकानुशतकं ज्याचं नुसतं नाव ऐकू येत होतं, तो ग्रंथ 1909 मध्ये इथूनच छापून निघेल. म्हैसुरात चाणक्य आधी कथेत आला आणि मग पोथीतून बाहेर पडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कल्पना आणि पुरावा या गावात शेजारी शेजारी राहत आले आहेत. तुम्हाला ज्या लेखकाकडे न्यायचं आहे, तो या शेजारातच घडला.

चला, शतकाच्या मध्यावर. हसन जिल्ह्यातल्या संतेशिवर या खेड्यातला एक मुलगा म्हैसूरला शिकायला आलाय. जन्म 1931 चा. प्लेगनं त्याची आई नेली, भावंडं नेली. आपल्याकडे जसं वार लावून जेवत तसा तो घरोघरी जेवतो आणि मिळेल ते काम करून फी भरतो. मध्येच शिक्षण सोडून तो मुंबईला जातो. तुम्हीही त्याच्या मागोमाग मुंबईच्या फलाटावर उतरा. तुमचं सामान उचलायला पुढे आलेला किडकिडीत पोरगा म्हणजे एस. एल. भैरप्पा. पुढे साधूंचा एक जथा भेटतो, त्यांच्याबरोबर तो काही महिने भटकतो आणि परत म्हैसूरला येऊन अभ्यासाला बसतो. लहानपणी पाहिलेले मृत्यू त्याला तत्त्वज्ञानाकडे नेतात. महाराजा कॉलेजात तो तोच विषय घेतो आणि सुवर्णपदक मिळवतो. नंतर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात सत्य आणि सौंदर्य यांच्या नात्यावर पीएच.डी. करतो. हे सगळं त्यांच्या 'भित्ति' या आत्मचरित्रात आहे, आणि दुःखाचं कुठलंही प्रदर्शन न मांडता आहे.

आता म्हैसूर स्टेशनवर या. नंजनगूडची गाडी लागली आहे. मीटर गेज, वाफेचं इंजिन, साधारण पंचवीस किलोमीटरचा रस्ता. या गाडीत बसलात की तुम्ही एका कादंबरीत शिरता. 'वंशवृक्ष', 1965. तुमच्या समोरच्या बाकावर कात्यायनी आहे. तिचा नवरा कपिला नदीत बुडून गेला. घरात लहान मुलगा आहे, आणि मामंजी श्रीनिवास श्रोत्री, ज्यांच्या शब्दाला सगळं नंजनगूड मान देतं. त्यांनीच तिला कॉलेजात जायची परवानगी दिली. रोज सकाळी ती या गाडीनं म्हैसूरला येते आणि संध्याकाळी परत जाते. तुम्ही तिच्याकडे बघत असता आणि खिडकीबाहेर भातखाचरं मागे पळत असतात. म्हैसुरात एक तरुण प्राध्यापक आहे, राजा. त्याचे थोरले भाऊ सदाशिवराव भारतीय संस्कृतीचा अनेक खंडांचा इतिहास लिहायला बसलेत. त्यांच्या संशोधनात साथ देणारी सिंहली विदुषी करुणारत्ने त्यांच्या आयुष्यातही येते. घर मोडतं, ग्रंथ वाढत जातो.

गाडीतून उतरून श्रोत्रींच्या घरी या. नंजुंडेश्वराच्या देवळापासून नदीपर्यंतचा हा सगळा परिसर त्यांच्या आचरणावर तोलून धरल्यासारखा आहे. तरुण सुनेनं पुन्हा लग्न केलं तर नातू कोणाचा? ज्या वंशासाठी एवढा आटापिटा, तो वंश म्हणजे नेमकं काय? म्हातारपणी श्रोत्रींच्या हाती काही जुने कागद लागतात आणि स्वतःच्याच जन्माचं एक कोडं उलगडतं. काय उलगडतं ते मी सांगणार नाही. पण त्या क्षणी तुम्ही श्रोत्रींच्या शेजारी उभे असता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. खून नाही, पोलीस नाहीत, तरी रहस्यकथेतला उलगडा यापेक्षा जास्त हादरवू शकत नाही. 1972 मध्ये बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी यावर चित्रपट केला. चित्रपट चांगला आहे, पण ही गाडी कादंबरीतच पकडावी.

इथून पुढचा प्रवास लांबचा आहे. 1979. भैरप्पा म्हैसूरच्या रीजनल कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये शिकवत आहेत आणि महाभारतावरची त्यांची कादंबरी 'पर्व' प्रकाशित होत आहे. तुम्ही पहिलं पान उलटता आणि थेट मद्र देशात पोचता. म्हातारा शल्य घरच्या मुलीच्या लग्नाच्या काळजीत आहे. महाभारताची सुरुवात इथून? हो, इथूनच. हस्तिनापूर अजून दूर आहे आणि तिथे काहीतरी शिजतंय एवढीच कुणकुण इथे लागली आहे. उकाडा आहे, घाम आहे, आणि कोणाच्या बाजूनं लढायचं हा प्रश्न लग्नाच्या आणि नात्यांच्या हिशेबात अडकलाय.

मग तुम्ही कुंतीजवळ बसता. तिला हिमालयातले दिवस आठवत असतात. देव इथे आकाशातून उतरत नाहीत, ती डोंगराळ मुलखातली माणसं आहेत आणि नियोग ही तिथली रीत आहे. तुम्ही द्रौपदीजवळ बसता. पाच नवऱ्यांच्या संसारात एका बाईच्या वाट्याला काय येतं हे ती मनातल्या मनात मोजत असते. सभेत तिला वस्त्रं पुरवणारा चमत्कार इथे होत नाही. रणांगणावर या. शंखध्वनी क्षणभराचा. नंतर हजारो माणसांचं अन्न, पाणी, न उचललेली प्रेतं, घाण, माश्या आणि दुर्गंधी. लढाई म्हणजे मुख्यतः हेच असतं हे तुम्हाला नाकानं कळतं. भीम तुम्हाला पहिल्यांदाच थकलेला दिसतो.

हे उगाच जमलेलं नाही. हा माणूस लिहिण्याआधी द्वारका, कुरुक्षेत्र, राजगीर पायाखाली घालून आला होता. गढवालच्या डोंगरात, जिथे अनेक भावांची एकच बायको ही चाल होती, तिथे जाऊन राहिला होता. काळाच्या पलीकडे वाचकाला न्यायचं तर लेखकानं आधी स्वतः तिथे जाऊन आलं पाहिजे, ही भैरप्पांची अट होती आणि ती त्यांनी प्रत्येक पुस्तकात पाळली. 'मंद्र' या कादंबरीसाठी ते हिंदुस्थानी संगीतात बुडाले. त्यांची अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि इतिहासकथा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत, ते याच अटीमुळे. तिन्हींत माणसाच्या भोवतीचं तेजोवलय बाजूला केलं जातं आणि उरतं ते काय, हे पाहिलं जातं.

मराठी वाचकाला 'पर्व' परकं वाटलं नाही, याचं एक कारण आपल्याच कपाटात आहे. दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' आणि इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आपण आधीच वाचलेलं होतं. इरावतीबाईंनी ती माणसं अभ्यासकाच्या नजरेनं दाखवली, भैरप्पांनी तुम्हाला त्यांच्या तंबूत नेऊन बसवलं. 'पर्व'इतकी मोठी भारतीय कादंबरी गेल्या पन्नास वर्षांत झालेली नाही असं माझं मत आहे, आणि ते मी पुष्कळ विचारानं मांडतो आहे.

2021 मध्ये एकदा म्हैसूरला उतरा. बी. व्ही. कारंतांनी 1989 मध्ये उभी केलेली रंगायण ही नाट्यसंस्था 'पर्व' रंगमंचावर आणते आहे. दिग्दर्शक प्रकाश बेळवाडी. प्रयोग जवळपास आठ तासांचा. मध्यंतरात लोक जेवतात, हात धुतात आणि परत युद्धाला येऊन बसतात.

आता आठव्या शतकात. 'सार्थ', 1998. व्यापाऱ्यांचा तांडा निघाला आहे आणि तुम्ही नागभट्टाच्या बैलगाडीत आहात. हा विद्वान तरुण, त्याला अमरुक राजानं तांड्याबरोबर धाडलंय. वरवर काम व्यापाराचे मार्ग समजून घेण्याचं, म्हणजे खरं तर हेरगिरीचं. पण राजाचा खरा हेतू काय होता, हे नागभट्टाला वाटेत कळतं आणि मागे राहिलेलं त्याचं घर त्याच्यापुरतं संपतं. परतायला जागा उरत नाही. मथुरेत तो नाटकात कृष्णाची भूमिका करतो आणि चंद्रिका नावाची अभिनेत्री भेटते. नालंदेत बौद्ध पंडितांचे वाद ऐकतो. मंडनमिश्र आणि तरुण शंकराचार्य यांचा वाद होतो तेव्हा तुम्ही तिथे असता, आणि मंडनमिश्रांच्या पत्नीकडे, भारतीदेवीकडे बघत असता, कारण निकाल तिला द्यायचा आहे आणि हरणारा तिचा नवरा आहे. सिंधेकडून नव्या आक्रमणाच्या बातम्या येत असतात. तर्कशास्त्राचं एवढं अवघड द्रव्य चालत्या तांड्यावर लादून कथा कुठे अडत नाही, हे या कादंबरीचं कर्तृत्व आहे.

'आवरण' (2007) या कादंबरीत इतिहास पुन्हा येतो, औरंगजेबाचा काळ. एक लेखिका कादंबरी लिहिते आहे आणि ती कादंबरी या कादंबरीच्या पोटात आहे. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि कर्नाटकात वाद इतका पेटला की साहित्यिकांचे गट पडले. माझं स्पष्ट मत असं की इथे भैरप्पांचा निष्कर्ष पात्रांच्या आधी ठरलेला आहे. 'पर्व'मध्ये दुर्योधनाला जी न्याय्य संधी मिळते, ती 'आवरण'मधल्या काही माणसांना मिळत नाही. भैरप्पांवर प्रेम असलं तरी हे म्हटलं पाहिजे.

एकदम वर चला. 2014, 'यान'. लेखक ऐंशी ओलांडून गेले आहेत आणि पहिल्यांदाच विज्ञानकथा लिहीत आहेत. तुम्ही एका अवकाशयानात आहात. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री, आणि परतीचं तिकीट नाही. सूर्यमालेच्या बाहेर जायचं तर एक आयुष्य पुरत नाही, म्हणून मुलं यानातच जन्मायची. जी मुलं माती, पाऊस, शेजारी, बाजार यांतलं काहीच पाहणार नाहीत, त्यांना धर्म आणि नीती कशी शिकवायची? बहीण आणि भाऊ या नात्याचा अर्थ अशा ठिकाणी कोण सांगणार? पन्नास वर्षांपूर्वी नंजनगूडच्या घरात विचारलेला वंशाचा प्रश्न इथे पृथ्वीच्या बाहेर नेऊन ठेवला आहे. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला यातलं विज्ञान जरा घाईचं वाटेल. नारळीकरांकडे विज्ञान कथेला पुढे ढकलतं, भैरप्पांकडे ते पात्रांना एका खोलीत कोंडण्यासाठी येतं. 'यान' ही त्यांची उत्तम कादंबरी नाही, पण त्या वयात त्यांना हा प्रश्न विचारावासा वाटला याचं मला खरोखर कौतुक आहे.

परतताना पुण्यात थांबा. एका घरात टेपरेकॉर्डर सुरू आहे. विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर मोठ्यानं वाचून ठेवतात. उमा कुलकर्णी तो ऐकतात, थांबवतात, पुन्हा ऐकतात आणि मराठीत लिहितात. बेळगावात वाढलेल्या या बाईंनी 'वंशवृक्ष', 'पर्व', 'सार्थ', 'मंद्र', 'आवरण' आपल्याला दिली. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला 1989 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत भैरप्पा मराठी लेखकासारखे वाचले जातात, याचं मोठं श्रेय या टेपरेकॉर्डरवरच्या कष्टांना आहे. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत का असावं, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

24 सप्टेंबर 2025 ला भैरप्पा बंगळुरात गेले. म्हैसुरात तेव्हा दसरा चालू होता. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात नारळीकर गेले होते.

म्हैसूरला जाणार असाल तर राजवाडा, चामुंडी टेकडी, देवराज मार्केट बघाच, पण एक सकाळ नंजनगूडच्या गाडीसाठी राखून ठेवा. जाण्याआधी 'वंशवृक्ष' वाचा. 'पर्व'ला लगेच हात घालू नका, ते दुसरं घ्या, आणि घाईच्या दिवसांत घेऊ नका. तिसरं 'सार्थ'. 'आवरण' आणि 'यान' त्यानंतर, म्हणजे तुम्हाला भैरप्पांशी भांडताही येईल. आणि घरात वाचनाची आवड असलेला कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी असेल, तर वाढदिवसाला 'पर्व'ची प्रत द्या.