फेरफारातले पूर्वज

पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. ते नाव पुष्कळदा तलाठ्याच्या नाहीतर तहसील कचेरीच्या दप्तरात पडून असतं.

शोध सातबाऱ्यापासून धरावा. जुन्या उताऱ्यावर नावाजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे क्रमांक. मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि पुढे गावोगाव या नोंदी होऊ लागल्या. खातेदार मयत झाला की वारसांची नावं फेरफारात चढतात. म्हणजे एकेक फेरफार हे वंशवेलीचं एकेक पेर. त्याहून मागचे कागद बहुधा मोडीत. ते वाचणारा गाठावा लागतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांगत आले आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंची कुळं आहेत. त्यांच्याशी नावं ताडून पाहावीत.

मात्र हे दप्तर जमीन आणि सारा यांच्यासाठी जन्मलं, माणसांसाठी नव्हे. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो सालगडी त्यात नाही. लेकी-सुनाही थोड्याच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीला बापाची वारस मानलं. २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची झाली. तरी कित्येक फेरफारांत तिचं नाव येतं ते हक्क सोडून देतानाच.

म्हणून गुरुजी, मुलांकडून वंशावळ लिहून घ्याल तेव्हा आजीचं नाव नि तिचं माहेर आधी लिहायला सांगा. दप्तर उद्याही उघडता येईल. आजीला आजच विचारलं पाहिजे.