काळ्या शाईचा शोध : कृष्णधवल इंकजेट छपाईची तीन दशकं

मागच्या वेळी आपण डार्करूममधल्या चांदीच्या छपाईपाशी थांबलो होतो. आज तिथून पुढे, शाईकडे वळू.

कृष्णधवल फोटो छापायचा म्हणजे काळी शाई असली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण घराघरांत काय होतं ते आठवा. आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो ओलीने खराब व्हायला लागलेला असतो. आपण तो स्कॅन करून मोठा छापून घेतो आणि भिंतीवर लावतो. काही वर्षांनी आजोबांचा चेहरा हिरवट नाहीतर तांबूस दिसायला लागतो. मूळ फोटो तोवर गेलेला असतो, आणि स्कॅनची फाइल कुठल्या जुन्या डिस्कवर होती ते कुणाला आठवत नाही. म्हणजे शेवटी हातात उरतो तो छापलेला कागदच. तो किती टिकणार, हे शाई निवडतानाच बरंचसं ठरलेलं असतं.

आधी अडचण समजून घेऊ. साध्या रंगीत प्रिंटरमध्ये चार शाया असतात : निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. फिकट करडा रंग नुसत्या काळ्या शाईने काढायचा तर ठिपके लांब लांब टाकावे लागतात, आणि गालावर मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं. म्हणून प्रिंटर तिन्ही रंग मिसळून करडा बनवतो. गोची इथेच होते. तीन रंगांचा तोल जरासा ढळला, तर रंगीत फोटोत ते कळतही नाही, पण करड्यात डोळा ते लगेच पकडतो. शिवाय तिन्ही शाया एकाच वेगाने फिक्या पडत नाहीत.

आता इतिहास. गायक ग्रॅहम नॅश हा छायाचित्रकारही होता. आपली कृष्णधवल छायाचित्रं मोठ्या आकारात छापायची त्याची धडपड चालली होती. १९९१ साली त्याने मॅक होल्बर्टबरोबर कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईशाळा सुरू केली. यंत्र होतं आयरिस ३०४७. हे यंत्र मुळात छापखान्यांसाठी, मोठ्या छपाईआधीचं रंगीत प्रूफ काढण्यासाठी बनलेलं. चित्रकाराचा जाड कागद त्यात बसावा म्हणून या मंडळींनी यंत्रात काटछाट केली. प्रिंट देखणे निघाले, पण शाई होती डाय, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. प्रूफचं काम चार दिवसांत संपतं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकावी असा कुणी विचारच केला नव्हता. हेन्री विल्हेल्म या अमेरिकी संशोधकाने छापील फोटो प्रकाशात ठेवून ते किती काळ टिकतात हे मोजायला घेतलं, तेव्हा सुरुवातीच्या डाय शाया फार लवकर उडतात हे पुढे आलं.

२००० च्या सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. काही डाय शायांचे प्रिंट सच्छिद्र कागदावर उघडे ठेवले, की उन्हाशिवायच नारिंगी पडत. हवेतला ओझोन रंगाला खात होता. फ्रेमला काच लावली की बराच फरक पडायचा.

यावर उपाय निघाला तो पिगमेंट शाईचा. यात रंग विरघळलेला नसतो, अतिशय बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. कण प्रकाशाला आणि हवेला जास्त दाद देत नाहीत. एप्सनचा २०००पी हा पिगमेंट शाईचा प्रिंटर २००० साली आला. टिकाऊपणाचा प्रश्न बराच सुटला, पण करडा अजूनही रंगांच्या मिश्रणातूनच यायचा. घरातल्या बल्बखाली तटस्थ दिसणारा फोटो खिडकीशी नेला की हिरवट दिसे.

मग मूळ प्रश्न पुन्हा विचारला गेला : करड्यात रंग हवाच कशाला? अमेरिकेत व्हर्मांटमध्ये छपाईशाळा चालवणाऱ्या जॉन कोन यांनी २००० साली ‘पिझोग्राफी’ बाजारात आणली. रंगाची कार्ट्रिजं काढायची आणि त्यांच्या जागी काळ्याच्याच चार छटा भरायच्या : गडद, मध्यम, फिकट, अतिफिकट. ठिपकाच फिकट असल्यामुळे तो डोळ्याला दिसत नाही, आणि रंगांचा तोल ढळण्याची भीती जवळजवळ संपते. पुढे या छटा सातपर्यंत गेल्या.

या शायांचा पाया आहे कार्बन. आपल्याला तो नवा नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्या ज्या शाईने लिहिल्या, ती दिव्याची काजळी आणि डिंक खलूनच करत. शेकडो वर्षांनंतरही ती अक्षरं काळीच आहेत.

पण कार्बन पातळ केला की तो जरा तपकिरी दिसतो. तटस्थ करडा हवा असेल तर त्यात थोडं निळं, किंचित किरमिजी पिगमेंट घालावं लागतं. हा रंग कार्बनच्या आधी उडतो, आणि फोटो हळूहळू मूळच्या उबदार छटेकडे झुकतो. म्हणजे निवड आहे : आजच तपकिरी झाक मान्य करायची, की तटस्थ करडा घेऊन पुढचा बदल पत्करायचा.

२००५ साली एप्सनने मधला रस्ता काढला. के-३ शायांच्या संचात एका वेळी काळ्याच्या तीन पातळ्या, आणि सोबत कृष्णधवलसाठी वेगळा मोड. त्यात बहुतेक काम काळ्या-करड्या शाया करतात आणि रंग चवीपुरता पडतो. प्रिंटरमध्ये फेरफार न करता चांगला कृष्णधवल फोटो घरी निघायला लागला.

कागदाशिवाय शाईचं बोलणं अपुरं राहील. मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक आणि चकचकीत कागदासाठी फोटो ब्लॅक, अशा दोन वेगळ्या काळ्या लागतात. मॅटवर सर्वात गडद काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, म्हणजे दोन-अडीच टक्के प्रकाश परत येतो. चकचकीतवर ती २.२ च्या आसपास पोचते, तिथे एक टक्काही परत येत नाही.

मग आपण निवड कशी करायची? दुकानात किंवा स्टुडिओत चार प्रश्न विचारू या. शाई डाय आहे की पिगमेंट? काळ्या-करड्या मिळून किती शाया आहेत? त्या काळ्यात कार्बन किती आणि रंग किती? आणि कागद कोणता? घरातल्या काही टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीच्या डाय असतात. ती काळी फक्त साध्या कागदासाठी, फोटोपेपर घातला की करडा पुन्हा तीन रंगांतूनच येतो. बिलं आणि शाळेचे प्रकल्प त्यावर खुशाल छापा, आजोबांचा फोटो नको. तसंच, महिन्यातून एखादाच फोटो काढणार असाल तर खास कार्बन शायांचा प्रिंटर घरी घेऊ नका. कण तळाशी बसतात, नोझल तुंबतात, आणि त्यावर रंगीत फोटो तर निघतच नाही. अशा वेळी करड्या पिगमेंट शाया वापरणाऱ्या स्टुडिओकडून एकच प्रिंट काढून घ्या, काचेखाली लावा, खिडकीसमोर टांगू नका. दुसरी प्रत पाकिटात घालून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि मागे पेन्सिलीने नाव-साल लिहा.

पुढच्या व्याख्यानात कागदाकडे वळू. तिथे हेच टिकण्याचं गणित पुन्हा मांडावं लागेल.