लोहारा : ग्रामनामातील व्याकरण

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा या गावाचे नाव भाषेतिहासाच्या वर्गात फळ्यावर लिहावे असे आहे. स्थळकथा बाजूला ठेवून केवळ रूप पाहिले, तरी ‘लोहकार–लोहार’ हा क्रम स्वच्छ दिसतो. दोन स्वरांमधला ‘क’ प्राकृतात लोपला आणि उरलेले स्वर एकवटले. कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार याच वाटेने झाला. अखेरचा ‘आ’ हा प्राचीन ‘क’-प्रत्ययाने विस्तारलेल्या रूपाचा अवशेष, तर ‘लोहाऱ्याला’ (वऱ्हाडीत ‘लोहाऱ्याले’) यातील ‘लोहाऱ्या-’ हे सामान्यरूप जुन्या षष्ठीपासून आलेले. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथाने (१९२०) अशा विवेचनाला शिस्त दिली.

ही शिस्त वंशाची आहे, शेजाराची नव्हे. याच जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत कोलाम समाजाची वस्ती आहे आणि त्यांची कोलामी द्राविड कुळातील आहे. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ सालचा. पुढच्याच वर्षी त्यांनी भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ असल्याची मांडणी केली : भिन्न कुळांतील भाषा द्वैभाषिकांच्या मुखातून परस्परांची रचना उचलतात. कोलामीत मराठी शब्द शिरले, हे आपण सहज मान्य करतो. उलट दिशेचा प्रश्न निघाला की मात्र अभ्यासक अस्वस्थ होतात. श्रोत्यासह ‘आपण’ आणि श्रोत्यावाचून ‘आम्ही’ हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, शेजारच्या तेलुगूत ‘मनमु–मेमु’ असा तो आहे. गुजरातीतही तो आढळतो, म्हणजे हा संपर्क एका सीमेपुरता नसावा.

फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ साली याहून पुढे जाऊन मराठीच्या मुळाशी संकरभाषेची अवस्था असावी, असा तर्क केला. तो मला पटत नाही. संकरभाषांत विभक्तिरूपे बहुधा झडतात. मराठीने तीन लिंगे राखली, आणि ‘लोहाऱ्या-’मध्ये तर जुनी षष्ठीच जिवंत आहे. पण तर्क अमान्य केला म्हणून प्रश्न निकालात निघत नाही. कुलवृक्षाच्या आकृतीत कोलामीला जागाच नसते, ही आकृतीची मर्यादा आहे.

ब्लॉक यांनी स्वतः १९४६ साली द्राविड भाषांच्या व्याकरणिक रचनेवर ग्रंथ लिहिला. माझ्या पिढीच्या पदव्युत्तर वर्गात त्यांचा पहिलाच ग्रंथ शिकवला गेला.