बंगळुरूचे कारागीर आणि सरकारी तिजोरी

कारागीर घडवण्यावर सरकारने खर्च करावा हा विचार बंगळुरूत म्हैसूर संस्थानाच्या काळात रुजला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 या काळात दिवाण होते. पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याच्या कामाचा थकलेला मोबदला त्यांनी स्वतः न घेता मुलांना धंदेशिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी दिला. संस्थेला आपले नाव मात्र लावू दिले नाही. तीच आजची श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक.

डिसेंबर 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. महायुद्धामुळे कुशल हातांची टंचाई देशभर जाणवत होती आणि केंद्राच्या कामगार खात्याने युद्धकामासाठी तंत्रज्ञ शिकवण्याची योजना हाती घेतली. 1945 मध्ये फौजेतून सुटणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र महासंचालनालय आले. त्याच धाग्यातून 1950 च्या सुमारास कारागीर प्रशिक्षण योजना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहिल्या. (बंगळुरूत या अक्षरांना दुसराही अर्थ आहे: 1948 चा टेलिफोन कारखाना.)

फिटरचे शिक्षण कानशीपासून सुरू होते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानस चालवायची, गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचे. या शिकण्यात साहित्य झिजते, लोखंड वाया जाते. म्हणूनच हा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न कधी सुटला नाही.

केंद्राने नेमलेल्या शिवराव समितीच्या शिफारशीनंतर नोव्हेंबर 1956 पासून आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला; खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्र उचलत राहिले. 1 एप्रिल 1969 पासून तोही भार राज्यांवर पडला. या इतिहासातली सर्वांत निर्णायक तारीख हीच, कारण त्यानंतर नवा लेथ येणार की जुनाच चालवायचा, हे राज्याच्या अंदाजपत्रकावर ठरू लागले.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने काही जबाबदारी कारखान्यांवर टाकली. 1953 चा एचएमटी, 1954 चा भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा सार्वजनिक कारखान्यांमुळे बंगळुरूत उमेदवारीला मोठा वाव मिळाला. परदेशी मदतही आली: 1971 मध्ये तुमकूर रस्त्यावर जर्मन साहाय्याने फोरमन प्रशिक्षण संस्था निघाली, 1972 मध्ये डेन्मार्कच्या सहकार्याने टूल रूम व प्रशिक्षण केंद्र. फोरमन संस्था आता राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते.