जनरेटर कोरडा, पॅनल पाण्यात

फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्र, ११ मार्च २०११

दुपारी २.४६ : ९.० तीव्रतेचा भूकंप. चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद होतात, पण इंधनातली उष्णता निघतच राहते. भट्टी थंड ठेवणारे पंप थांबून चालणार नाही आणि बाहेरची वीज तर गेलेली. मिनिट-दोन मिनिटांत १३ पैकी १२ डिझेल जनरेटर धडधडू लागतात. तेरावा देखभालीसाठी बंद आहे.

३.२७ : त्सुनामीची पहिली लाट.

३.३५ : दुसरी लाट. १ ते ४ क्रमांकांच्या भट्ट्यांचं आवार समुद्रसपाटीपासून १० मीटरवर. पाणी त्याहून चार-पाच मीटर वर चढतं. बहुतेक जनरेटर समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे, आणि ते पाणी खेचणारे पंप किनाऱ्यालगत जेमतेम ४ मीटरवर. पंप गेले की इंजिन कोरडं असूनही निकामी. हवेवर थंड होणारे तीन जनरेटर होते. त्यांतले दोन तळमजल्यावर शाबूत राहिले, पण त्यांची वीज पुढे नेणारी स्विचगिअर पॅनल खाली तळघरात होती. ती बुडाली.

घरी इंजिनाला अल्टरनेटर जोडून जनरेटर बांधणारे हॉर्सपॉवर आणि केव्हीएवर तासन् तास बोलतात. थंडावा कुठून येणार, पॅनल किती उंचीवर बसणार, हे मात्र शेवटी उरकून टाकतात. सुरुवातच तिथून व्हायला हवी.

३.४१ : पहिल्या पाचही भट्ट्यांची एसी वीज गेलेली. हवेवरचा तिसरा जनरेटर, सहाव्या भट्टीचा, १३ मीटरवरच्या आवारात तेवढा चालू आहे. पुढे पाचवीलाही तोच तारतो.

रात्री : जनरेटरच्या गाड्या येऊ लागतात. पण केबल जोडायची कुठे? दुसऱ्या भट्टीकडे एक पॅनल वापरण्याजोगं सापडतं.

१२ मार्च, दुपारी ३.३० च्या सुमारास : सुमारे २०० मीटर लांब, टनाहून जड केबल. चाळीसेक माणसांनी ढिगाऱ्यांतून, भूकंपाचे धक्के सोसत हातांनी ओढून नेली. जोडणी होते.

३.३६ : पहिल्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट. उडालेल्या तुकड्यांनी केबल निकामी होते.

१९ मार्च, पहाटे ४.२२ : थंडाव्याच्या पाण्याची सोय झाल्यावर सहाव्या भट्टीचा पाण्यावरचा एक जनरेटर सुरू होतो. आठ दिवस तो फक्त थंड पाण्यावाचून अडला होता.