चिकपेटचे भुयार आणि अतिकठीण हत्यारे

बंगळूरूच्या जुन्या पेठेतील चिकपेट हे भूमिगत मेट्रो स्थानक जून २०१७ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. साड्यांच्या घाऊक बाजारपेठेच्या या दाट वस्तीखालून मॅजेस्टिकपर्यंतचा टप्पा ‘कावेरी’ आणि ‘कृष्णा’ या भुयार खोदणाऱ्या यंत्रांनी २०१६ मध्ये पूर्ण केला. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराचा भूगर्भ मात्र अशा कामास अनुकूल नाही. तळाशी ग्रॅनाइट व नाइस जातीचा खडक, वर त्याचीच झिजून झालेली माती आणि मातीत अडकलेले मोठाले धोंडे, अशी त्याची रचना आहे.

यंत्राच्या चक्राचा एक भाग मातीत आणि दुसरा खडकात असला की त्यावरील पोलादी चकत्यांना सतत धक्के बसतात. मातीत रुतून फिरेनाशी झालेली चकती एकाच बाजूने घासून सपाट होते. ती बदलण्यासाठी यंत्र थांबवावे लागते आणि कामगारांना, प्रसंगी दाबाखालील हवेत, चक्राजवळच्या पोकळीत शिरावे लागते. वर जुन्या इमारती उभ्या असताना असा थांबा जोखमीचाच. त्यामुळे हत्यार कशाचे असावे, हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

सर्वांत कठीण पदार्थ हिरा. पण तो ठिसूळ असतो. काठिण्य वाढले की बहुधा चिवटपणा घटतो. ही अडचण संमिश्र पदार्थांनी बरीचशी दूर केली. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्ट धातूत बांधले. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’, म्हणजे हिऱ्यासारखा, या नावाने विकला. याच नावाची कंपनी १९६४ मध्ये बंगळूरूत स्थापन झाली. पुढे तिचे नाव केनामेटल इंडिया झाले.

१९७० च्या दशकात त्यापुढचे पाऊल पडले. हिऱ्याचे बारीक कण कार्बाइडच्या बैठकीवर ठेवून सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या ५० हजारांहून अधिक पट दाब दिला की बैठकीतील वितळलेला कोबाल्ट कणांमध्ये झिरपतो व ते परस्परांना जोडले जातात. तेलविहिरींच्या खोदकामात या हत्यारांनी मोठा बदल घडवला. परंतु जोडणारा कोबाल्टच पुढे त्यांचा वैरी ठरतो. सुमारे ७०० अंशांपुढे तो हिऱ्याहून अधिक प्रसरण पावून तडे पाडतो आणि हिऱ्याचे ग्रॅफाइट होण्यास मदत करतो. म्हणून पृष्ठभागाजवळचा कोबाल्ट आम्लाने काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली.

पोलाद कापण्यास हिरा उपयोगाचा नाही, कारण तापलेल्या लोखंडात त्यातील कार्बन विरघळतो. तेथे १९५७ मध्ये रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी तयार केलेले घन बोरॉन नायट्राइड वापरतात. ग्रॅनाइटमध्ये कूपनलिका खोदताना आजही कार्बाइडच्या बोथट गुंड्याच खडकावर आदळतात. तेथे धार नव्हे, मार सोसण्याची ताकद लागते.