नेमजुळणी (झिरोइंग)

रायफलीची नेम धरण्याची रेषा आणि गोळीची प्रत्यक्ष वाट यांची ठरलेल्या अंतरावर गाठ घालून देण्याची क्रिया. पोलीस व सैन्यदलांत तिला ‘झिरो करणे’ म्हणतात. नवी रायफल, नवी दुर्बीण किंवा काडतुसांचा नवा प्रकार वापरात आणण्यापूर्वी ती करावी लागते. एकदा जुळलेला नेम कायमचा राहत नाही. ते अंतर, ते काडतूस आणि तो नेमबाज, एवढ्यापुरताच तो खरा असतो.

तत्त्व : नेमबाज मागच्या खाचेतून किंवा छिद्रातून नळीच्या टोकावरची माशी निशाण्याशी जुळवतो. ही दृष्टिरेषा सरळ असते. गोळी मात्र नळीबाहेर पडताच खाली ओढली जाते. सेकंदाला सुमारे 330 मी. वेगाने सुटलेली .22 रायफलीची गोळी 50 मी. अंतर कापेपर्यंत 11 ते 12 सेंमी. उतरते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवतात. गोळीची वाट मग दृष्टिरेषेला दोनदा छेदते, एकदा जवळ आणि एकदा दूर. नेम जुळवताना साधारणपणे दूरचा छेद हव्या त्या अंतरावर आणतात.

पद्धत : आधी दुर्बिणीचे व दस्त्याचे स्क्रू आवळून घेतात, सैल स्क्रूवर केलेली सारी मेहनत वाया जाते. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या झाडतात. एकट्या गोळीवर भरवसा ठेवत नाहीत. सगळ्या छिद्रांचा पुंजका, म्हणजे ‘ग्रूप’, कुठे पडला ते पाहतात. पुंजकाच विखुरलेला असेल तर दोष पकड, श्वास, चाप ओढण्याची रीत किंवा काडतूस यांत शोधावा लागतो. पुंजका घट्ट पण एका बाजूला पडला असेल तरच साइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाच्या, चकत्या फिरवतात.

चकती किती फिरवायची ते माप कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, 100 मी. अंतरावर सुमारे 2.9 सेंमी. भरतो. बहुतेक दुर्बिणींत चकतीची एक ‘टिक’ पाव मिनिटाची, म्हणजे त्या अंतरावर सुमारे 7 मिमी. असते. पुंजका 6 सेंमी. खाली व 3 सेंमी. डावीकडे पडला, तर आठ टिका वर आणि चार उजवीकडे द्यायच्या. अंतर 50 मी. असेल तर तेवढ्याच चुकीला दुप्पट टिका लागतात. साध्या साइटमध्ये मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवतात, पुढची माशी त्याच्या उलट दिशेला. जिथे माशी पक्की असते आणि बार खाली बसतो, तिथे ती कानशीने थोडी घासून बुटकी करतात. घासलेला धातू परत चढत नाही, म्हणून थोडे घासून, पुन्हा झाडून पाहतच हे काम करतात.

छत्रपती संभाजीनगर परिसर : नेमजुळणीची गरज शिकारीलाही पडते, आणि या जिल्ह्याच्या इतिहासात शिकारीची एक खूण दगडावर राहिली आहे. एप्रिल 1819 मध्ये शिकारीच्या मोहिमेत असताना 28व्या कॅव्हलरीचा अधिकारी जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले नाव व तारीख आज माणसाच्या नजरेपेक्षा उंचावर दिसते, कारण तेव्हा तो साचलेल्या राडारोड्यावर उभा होता.

अमेरिकेत शरद ऋतूतल्या हरणांच्या हंगामाआधी शिकारी रायफली जुळवून घेतात. महाराष्ट्रात असा हंगाम उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर बंधने आणली आणि परवान्याने शिकारीची मूळ कायद्यातील वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद केली. मराठवाड्याच्या माळावरचे काळवीट व चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे कलम 11 खाली पिकांच्या नुकसानीसाठी लेखी परवानगीने मिळू शकणारी सवलत त्यांच्याबाबत लागू होत नाही. कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले.

क्रीडा नेमबाजी : नेमजुळणीची विद्या आता पोलिसांच्या चांदमारीवर आणि क्रीडा संकुलांत टिकून आहे. पुण्यातील बालेवाडीची रेंज हे राज्यातील प्रमुख केंद्र. 10 मी. एअर रायफलीच्या निशाण्यावर दहा गुणांचा बिंदू अवघा अर्धा मिमी. व्यासाचा असतो, तर त्यावर झाडायचा छर्रा 4.5 मिमी.चा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्यूनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मी. रायफल प्रोन (पालथे पडून) प्रकारात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मी. थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकावले.

गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन पवित्र्यांच्या या प्रकारात रायफल तीच, काडतूस तेच आणि नेमबाजही तोच असतो. तरीही पवित्रा बदलला की दस्ता खांद्याला निराळा टेकतो, डोळा साइटमागे निराळा येतो, आणि नेम पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठीच स्पर्धेत सरावाच्या गोळ्यांची मुभा असते. त्या वेळी निशाण्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात काळा तिरपा पट्टा दिसतो. तो पट्टा गेला की चकतीची कसर गुणांतून वजा होते.